वाढणारा शेवटी बसतो

आमच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला शांपू आणि सर्दीची औषधं, उजव्या हाताला ग्रीटिंग कार्डं, आणि समोर काउंटर. काउंटरच्या टोकाला एक छोटी खोली आहे. त्या खोलीत बसून मी गेली कित्येक वर्षं लोकांना फुकट सुया देते. ग्लासगोच्या या भागात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आमच्या मराठी मंडळींना. "अगं, तू फार्मसिस्ट ना? मग त्या जंकी लोकांना कशाला एन्करेज करतेस?" असं ज्या घरात मला विचारून झालेलं नाही, असं घर इथे उरलेलं नाही. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. सुई मिळाली नाही म्हणून कुणी नशा सोडत नाही. तो दुसऱ्याची सुई वापरतो, आणि दुसऱ्याच्या सुईबरोबर दुसऱ्याचं रक्त येतं. आता समजावत नाही. म्हणते, "हो, करते एन्करेज. तुम्हाला हव्यात का?" मग विषय बदलतो.

खोलीत येणारे बहुतेक हेरॉइनवाले. त्यांच्यासाठी तयार पाकीट असतं: सुया, सिरिंजा, पावडर विरघळवायची पुडी, एकदाच वापरायचा छोटा चमचा, पुसायला ओले कागद. एक जण मात्र पहिल्यांदा आला तेव्हा त्याने पाकीट माझ्यासमोर उघडलं, पुड्या आणि चमचे काढून टेबलावर ओळीने मांडले आणि माझ्याकडे सरकवले. "हे दुसऱ्या कुणाला द्या. मला लागत नाही. वाया जाईल."

त्याला ते लागत नव्हतं, कारण त्याच्याकडे पावडर नव्हतीच. फुलांच्या सजावटीसाठी खसखशीची, म्हणजे अफूचीच, वाळलेली बोंडं मिळतात, त्यांच्यापासून तो घरी शिजवून एक काळपट पाणी तयार करायचा. कसं, ते मी विचारलं नाही, आणि जे कळलं ते लिहिणार नाही. माझ्या घरी अनारशांना लावायला खसखशीची बरणी असते. त्याच झाडाचं हे दुसरं टोक, असं मनात आलं आणि मला स्वतःचाच राग आला, कारण समोर माणूस बसला होता आणि मी फराळाचा विचार करत होते. पूर्व युरोपातल्या एका देशातून तो आला होता. कुठल्या, ते लिहीत नाही. त्या देशाच्या नावाने इथे आधीच पुरेसं बोललं जातं. तिथे त्याच्या तरुणपणी हेरॉइन मिळत नव्हतं, तेव्हा जे मिळेल ते घरी शिजवायची पद्धत पडली, आणि ती पद्धत तो ट्रंकेतल्या कपड्यांसारखी इथे घेऊन आला. मी त्याला मनातल्या मनात आचारी म्हणू लागले.

आचारी स्वच्छतेचा भोक्ता होता. त्याला चांगले फिल्टर हवे होते, कारण त्या पाण्यात काडीकचरा राहतो आणि तो शिरेत गेला की हातपाय सडतात. आमच्या पाकिटात मिळायचे ते फिल्टर त्याच्या कामाचे नव्हते. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं की असे वापरणारे इथे फार नाहीत. मी म्हटलं, एक आहे, आणि तो माझ्यासमोर बसलाय. दोन-तीनदा भांडले तेव्हा कुठे फिल्टर आले. तो खूश होऊन काकड्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन आला. त्याच्या स्वयंपाकघरातलं काही घरी न्यायला माझा जीव धजेना. बरणी दुकानातल्या फ्रिजमध्ये राहिली आणि असिस्टंटने संपवली. चांगलं होतं म्हणे.

हळूहळू त्याच्या घराची कल्पना आली. इथल्या जुन्या दगडी इमारतींपैकी एकीत, दुसऱ्या मजल्यावर, तो आणि त्याची बायको. ती एका हॉटेलात खोल्या आवरायची. गावाकडचे चार-पाच जण, कुणी वेअरहाउसमध्ये, कुणी गाड्या धुणारा, शिफ्ट संपली की त्यांच्याकडे जमायचे. तो शिजवायचा आणि सगळे मिळून घ्यायचे. सुया नेणारी मात्र बहुतेक वेळा त्याची बायको. उंच, हाडकुळी, कायम घाईत. ती एकदाही खुर्चीत बसून बोलली नाही. दारातच उभी राहून पिशवी पुढे करायची. त्या सगळ्यांना मी नॅलॉक्सोन दिलं होतं. नशा जास्त होऊन श्वास थांबायला लागला की ते नाकात मारायचं, माणूस परत येतो. त्याबरोबर नेहमीचं व्याख्यानही दिलं होतं: एकट्याने घ्यायचं नाही, सगळ्यांनी एकदम घ्यायचं नाही, एकाने तरी जागं राहायचं.

आठवड्यातून एकदा एक नर्स आमच्या त्या खोलीत येते आणि ज्याला हवी त्याची रक्ताची तपासणी करते. बोटाला टोचून कागदावर थेंब घ्यायचे, काही दिवसांनी निकाल. नर्सच्या आग्रहाने दोघांनी तपासून घेतलं. बायकोचा निकाल स्वच्छ आला. त्याला एचआयव्ही निघाला.

हल्ली त्याने कुणी मरत नाही, रोज गोळी घेतली की झालं, असं आम्ही सांगतो आणि ते खरंही आहे. पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ते सांगणं सोपं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गोळ्या इथे ठेवाल? घरी ठेवल्या तर ती बघेल."

त्याप्रमाणे त्याच्या गोळ्यांची डबी आमच्याकडे राहिली. तो रोज सकाळी यायचा, मी त्याला कागदी पेल्यात पाणी द्यायचे, तो गोळी गिळायचा आणि जायचा. मधूनमधून चुकवायचा, मग मी रागवायचे. नर्स त्याच्या मागे लागली होती की बायकोला सांगा. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही सांगतो, तुमचं नाव न घेता. तिलाही बचावाची गोळी देता येईल. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. असे किती पुढचे आठवडे गेले कोण जाणे. शेवटी मी एक दिवस चिडून म्हटलं, "ती सोडून जाईल म्हणून घाबरता का?"

"सोडून जाणार नाही, म्हणून घाबरतो," तो म्हणाला. "तुम्ही तिला ओळखत नाही. ती म्हणेल, तुझं ते माझं. मुद्दाम घेईल. मागे मी सोडून द्यायचा प्रयत्न केला, तर तिनेही सोडलं. मी परत सुरू केलं, तर तिनेही केलं. ती तशीच आहे."

हे ऐकून मला त्याची दया आली आणि तिचाही राग आला, उगीचच. अंथरुणातली काळजी ते आधीपासून घेत होते, मूल नको म्हणून. राहता राहिली सुई. आणि सुईबाबत तो निर्धास्त होता. त्याच्या घरात कुणी कुणाची सुई वापरत नाही, हे त्याने मला अभिमानाने सांगितलं. टेबलावर स्वच्छ कागद पसरतो. सगळ्यांना हात धुवायला लावतो. प्रत्येकाची नवी सिरिंज, नवी सुई. मी ऐकत होते आणि खरं तर कौतुकच करत होते. पण घरात चार माणसांना जेवायला वाढलेल्या बाईच्या तोंडून जो प्रश्न आपोआप येतो, तो माझ्याही तोंडून आला.

"वाढतं कोण?"

"म्हणजे?"

"वाडग्यातलं सगळ्यांना वाटून कोण देतं?"

"मीच. माझ्या सिरिंजने. तिच्यावर रेघा असतात ना. सगळ्यांना सारखं जातं, भांडण नको."

"आणि तुम्ही कधी घेता?"

"मी सगळ्यांच्या आधी. शिजवणाऱ्याने आधी घ्यायचं, कडक आहे की कसं ते कळतं. मला काही झालं नाही की मग बाकीच्यांना."

"म्हणजे आधी तुम्ही टोचून घेता, आणि मग तीच सिरिंज वाडग्यात घालता?"

"सुई बदलतो," तो म्हणाला. "दर वेळी नवी सुई लावतो. तुम्हीच देता."

सुई बदलली तरी सिरिंजच्या आत त्याचं रक्त उरतंच, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, आणि ते वाडग्यात उतरतं. मी विचारलं, बायकोला? तो थोडा लाजला. बायकोला तो वाडग्यातलं देत नव्हता. स्वतःच्या सिरिंजमधलं अर्धं तो स्वतः घ्यायचा आणि उरलेलं अर्धं, सुई बदलून, आपल्या हाताने तिला द्यायचा. पहिल्यापासून. बाकीच्यांना वाडग्यातलं आणि तिला त्याच्यातलं, हा तिचा मान होता.

मी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याला कळलं. चेहरा पांढरा पडला, आणि तरी तो म्हणाला की हे बंद करता येणार नाही. इतकी वर्षं मी आधी घेतोय. एकदम थांबलो तर सगळे विचारतील. म्हणतील माल खराब आहे, नाहीतर म्हणतील तू आजारी आहेस. आणि तिला अर्धं द्यायचं थांबवलं तर ती तर विचारेलच विचारेल. मी म्हटलं, मग खरं सांगा. तो उठून गेला.

त्यानंतरच्या दिवसांत माझी चिडचिड फार वाढली. तिचा पहिला निकाल स्वच्छ आला हे नुसतं नशीब होतं, आणि नशिबावर किती दिवस ढकलायचं? ती दारात उभी राहून पिशवी पुढे करायची, मी तिच्या हातात सुया द्यायचे, आणि तिला वाचवायची एकच गोष्ट माझ्या तोंडात असून बोलता येत नव्हती. दुसऱ्याचा आजार सांगायचा नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली अट. तोड निघाली ती गणपतीच्या जेवणात.

आमच्या मंडळाचं गणपतीचं जेवण दर वर्षी एका चर्चच्या हॉलमध्ये असतं. त्या वर्षी ज्येष्ठ मंडळींनी हट्ट धरला होता. "ह्या वेळी बुफे नको ग बाई. प्लेट घेऊन क्यूमध्ये उभं राहायचं म्हणजे एअरपोर्टवर चेक-इनला उभं राहिल्यासारखं वाटतं. प्रॉपर पंगत करू." मग टेबलं लांबलचक जोडून, त्यांवर कागद अंथरून पंगत बसली. माझी मुलगी एडिनबराहून वीकएंडला आली होती. इथेच जन्मलेली, बँकेत नोकरीला. तिच्या हातात मसालेभाताचं पातेलं आणि डाव देण्यात आला. तिने पहिल्याच काकूंच्या पानात भात वाढला आणि डाव पानावर खडखडवून रिकामा केला.

"अगं अगं, डाव पानाला लावू नकोस," काकू म्हणाल्या. "सगळं पातेलं उष्टं होईल."

"पण माझी डाव तर क्लीन आहे, काकू."

"तुझा डाव क्लीन असेल ग, माझं पान उष्टं आहे ना. मी जेवायला बसलेय. वरून सोडायचा भात. टच नाही करायचा."

"उष्टं म्हणजे एक्झॅक्टली काय? जर्म्स का?"

"जर्म्स नाही काही. उष्टं म्हणजे उष्टं. आणि मगाशी किचनमध्ये तू भजी तोंडात टाकलीस ती मी बघितली आहे. वाढणारा शेवटी बसतो. आधी लोकांचं होऊ दे, मग राहिलेलं तू आरामात खा."

मुलीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी हातातली कोशिंबीर धरून तिथेच उभी राहिले. आम्ही सुईची एवढी पत्रकं छापली, चित्रं काढली, आणि जी गोष्ट मला कळत्या वयापासून माहीत होती ती कुठेच लिहिलेली नव्हती: वाढायचं भांडं कुणाच्याच तोंडचं नसतं. आणि ही गोष्ट सांगायला कुणाच्या आजाराची गरज नव्हती. आमच्याकडे पद्धत आहे, एवढं सांगितलं की पुरे.

दुसऱ्या आठवड्यात मी आचाऱ्याला सांगितलं की बायकोला आणि येतील तेवढ्या पाहुण्यांना घेऊन या. कुणी विचारलं तर सांगा, ती केमिस्ट बाई डोक्यावर पडलीय, तिच्या देशातलं काहीतरी शिकवणार आहे. तो बायकोला आणि दोन मित्रांना घेऊन आला. मी टेबलावर एक वाडगं पाणी ठेवलं आणि लहान मुलांना ताप आला की औषध पाजतात ती जांभळी सिरिंज काढली. तिला सुई बसतच नाही. म्हणजे तिने कुणाला टोचून घेता येत नाही, आणि म्हणूनच ती कुणाची होत नाही. मी म्हटलं, ही फक्त वाढायची. हिने मोजून प्रत्येकाच्या वेगळ्या कपात सोडायचं, वरून, कपाला न लावता. वाडग्यात दुसरं काही जाता कामा नये. आणि जो वाढेल त्याने आधी घ्यायचं नाही. आमच्याकडे जेवणावळीत वाढणारा शेवटी बसतो.

मित्र हसले. एकाने सिरिंज हातात घेऊन बघितली, पाणी भरलं, सोडलं. आचारी म्हणाला, ठीक आहे, बाईचं ऐकायला हवं, फिल्टरसाठी ती आपल्यासाठी भांडली होती. त्याची बायको या वेळी मात्र खुर्चीत बसली होती. तिने विचारलं, "मलाही याच्यानेच?"

"सगळ्यांनाच," मी म्हटलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वाडग्याकडे बघत होता.

पुढचे काही महिने बरे गेले, असं मी आज म्हणते आणि माझाच मला विश्वास बसत नाही, पण खरोखरच बरे गेले. नियम लागू झाला. तो सकाळी गोळी घ्यायला आला की काल कसं वाढलं ते सांगायचा. आधी पाहुण्यांना, मग बायकोला, मग स्वतःला. पाहुणे त्याला चिडवत की तू वेटर झालास. त्याला ते आवडत असावं. गोळ्या चुकवणं कमी झालं. नर्सने बायकोची पुन्हा तपासणी केली, निकाल स्वच्छ. त्या दिवशी नर्सने मला खोलीत ओढून मिठीच मारली. दोघींनी काही बोलायचं नव्हतं आणि दोघी हसत होतो. आचाऱ्याला मी फक्त म्हटलं, "सगळं ठीक आहे." त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे उंचावला आणि गोळी गिळली.

मग एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. मी चिडूनच होते, आला की चांगलं सुनवायचं असं ठरवून. बुधवारी दुपारी त्याच्या मित्रांपैकी एक जण आला, सुया घेण्यासाठी नाही, सांगायला. रविवारी दुपारी सगळे जमले होते. एक जण शिफ्ट बदलल्यामुळे आला नाही. त्याच्या वाटणीचं वाडग्यातच राहिलं. आचाऱ्याने सगळ्यांना वाढलं, बायकोला दिलं, आणि शेवटी स्वतःचं घेतलं. राहिलेलंही घेतलं. तोवर बाकीच्यांच्या माना खाली गेल्या होत्या. बायको त्याच्या शेजारीच सोफ्यावर होती, तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. नॅलॉक्सोन समोरच्या ड्रॉवरमध्ये होतं. पहिल्यांदा ज्याला जाग आली त्याला वाटलं तो झोपलाय.

मित्र सांगत होता तोवर मला सगळं दिसलं. आधी तो पहिला घ्यायचा, तेव्हा खोलीतले सगळे डोळे त्याच्यावर असायचे. प्रेमापोटी नव्हे, आपला नंबर कधी लागतो म्हणून, माल कसा आहे ते बघायला. पण ते जागे असायचे. मी त्याला उचलून रांगेच्या शेवटी बसवलं, जिथे बघायला कुणी जागं नव्हतं. आणि शेवटी बसणारा उरलंसुरलं पोटात घालतो, ते काय मला माहीत नव्हतं? आमच्या हॉलमध्ये उरलेला भात खाऊन कुणी मरत नाही, एवढाच फरक. माझं नेहमीचं व्याख्यान होतंच, एकाने जागं राहायचं म्हणून, पण ते सगळ्यांना सांगितलेलं होतं, म्हणजे कुणालाच नाही. मित्र गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि खोलीत बसून रडले. बाहेर मेथाडोनची, म्हणजे हेरॉइनऐवजी रोज आमच्यासमोर प्यायच्या औषधाची, रांग उभी होती. कुणीतरी इथल्या मायेच्या बोलीत हाक मारली, "हेन, यू ऑल राइट?" मी उठले आणि काम केलं.

घरी नवऱ्याला नाव-गाव न घेता सगळं सांगितलं. तो हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "तू जे केलंस ते करेक्टच होतं. नाहीतर तीही इन्फेक्ट झाली असती." बरोबरच होतं त्याचं. पण मला ते ऐकायचं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, आणि तो बिचारा गप्प बसला.

बायको काही आठवड्यांनी आली. नर्सने तिला बोलावून शेवटची तपासणी केली होती. इतके दिवस मध्ये गेल्यावर निकाल स्वच्छ आला तर तो पक्का. तो स्वच्छ आला. निकाल घ्यायला ती आली त्या दिवशी नर्स नेमकी दुसरीकडे अडकली होती, म्हणून मीच सांगितला. तिने खांदे उडवले. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. काय टळलं हेच तिला माहीत नव्हतं. तिने मेथाडोन सुरू करायचं ठरवलं होतं. एकटीने शिजवायला तिला येत नव्हतं, म्हणाली.

मी तिला चहा दिला. ती खुर्चीत बसली, कोट न काढता.

"तो इथे रोज यायचा," ती म्हणाली. "मला त्याचा मित्र म्हणाला. सुया तर मी न्यायचे. मग तो कशाला यायचा?"

"बोलायला," मी म्हटलं.

"माझ्याबद्दल?"

"हो."

"काय बोलायचा?"

"तुम्हाला काही होऊ नये, असं."

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "मग शेवटचे महिने मला त्याच्यातलं का नाही दिलं? पहिल्यापासून त्याच्यातलं अर्धं माझं होतं. नंतर मला तो पाहुण्यांसारखं वाढायला लागला. त्या जांभळ्या सिरिंजने, कपात. मी विचारलं तर म्हणायचा, बाईचा नियम आहे. घरात नवरा-बायकोत कुठला आलाय बाईचा नियम? मला कळत नाही असं वाटलं त्याला. त्याचं माझ्यावरचं मन उडालं होतं."

निकाल वाईट आला असता तर तिला कारण सांगावंच लागलं असतं. नर्सने सांगितलं असतं, मी सांगितलं असतं, तिला औषध हवं म्हणून सगळ्यांनी मिळून सांगितलं असतं. निकाल चांगला आला, म्हणून सांगायला काही कारणच उरलं नाही. आमच्या धंद्यात माणूस मेला तरी त्याचं गुपित मरत नाही, आणि त्याने स्वतः मला बजावून ठेवलं होतं की तिला कळता कामा नये. आता कळलं असतं तर तिने काय केलं असतं? काही नाही. घरी जाऊन रडली असती, वेगळ्या कारणासाठी. तेवढंच मला तिला द्यायचं होतं, आणि तेवढंच देता येत नव्हतं.

"तुम्हाला माहीत आहे का, का ते?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जसं काही तिला हेच ऐकायचं होतं. चहा अर्धा ठेवून ती उठली, मेथाडोनसाठी उद्या किती वाजता यायचं ते विचारलं, आणि गेली. ती अजूनही रोज येते. मी तिच्या हातात पेला देते, ती माझ्यासमोर पिते, आणि मेलेल्या नवऱ्यावर रागावलेलीच परत जाते.